सांगितलेली गोष्ट आणि सांगणारा

मनुष्य स्वतःला काय समजतो आणि इतरांकडे कोणत्या दृष्टीने पाहतो, हे त्याला सरळ विचारून फारसे कळत नाही. "आपण माणसांवर विश्वास ठेवता काय?" या प्रश्नास 'नाही' असे उत्तर कोण देईल! म्हणून मानसशास्त्रज्ञांनी आडवाट धरली. त्याला गोष्ट सांगावयास लावावी आणि ती नीट ऐकावी.

हार्वर्ड विद्यापीठातील क्रिस्तियाना मॉर्गन व हेन्री मरे यांनी १९३५ साली ही रीत मांडली. १९४३ साली ३१ पत्त्यांचा संच प्रसिद्ध झाला. पहिल्या चित्रात एक मुलगा पुढ्यातील व्हायोलिनकडे पाहत बसला आहे, एवढेच. तो असा का बसला, पुढे काय होईल, हे पाहणाऱ्याने सांगावयाचे. एक पत्ता तर अगदी कोरा! उमा चौधरी यांनी या कसोटीचे भारतीय रूपांतर १९६० मध्ये प्रसिद्ध केले.

पण गोष्ट मोजावयाची कशी? १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतील ड्र्यू वेस्टन यांनी त्यासाठी मोजपट्ट्या तयार केल्या. त्यांच्या पुढील रूपात आठ पट्ट्या असून प्रत्येकीवर १ ते ७ गुण देतात. चित्रावरून रचलेल्या गोष्टीप्रमाणेच स्वतःच्या आठवणीही त्यांवर तपासता येतात.

समजा, वडिलांनी शाळेच्या सहलीस जाऊ दिले नाही, ही आठवण दोन भाऊ सांगत आहेत. थोरला म्हणतो, "बाबा तसेच होते. आमचे सुख त्यांना पाहवत नसे." धाकटा म्हणतो, "मला फार राग आला, दोन दिवस अबोला धरला. त्या महिन्यात ताईच्या दुखण्याचा खर्च होता. पैसे नाहीत हे सांगणे त्यांच्या जिवावर आले असावे. पण सांगितले असते तर बरे झाले असते." धाकट्यास अधिक गुण मिळतील, पण ते पितृभक्तीबद्दल नव्हेत, राग त्याने लपविलेला नाहीच. त्याच्या गोष्टीत वडिलांना मन आहे, त्याला स्वतःलाही आहे, आणि घडले त्याला कारण आहे. थोरल्याच्या गोष्टीत वडिलांना एकच बाजू आहे.

मात्र वडील खरोखर कसे होते, याचा निवाडा ही पट्टी करीत नाही. कदाचित थोरल्याच्या वाट्यास ते खरेच कठोर आले असतील! शिवाय मितभाषी मनुष्याची गोष्ट आखूड, म्हणून तिचे गुणही कमी पडण्याचा संभव असतो. यास्तव एका गोष्टीवर विसंबत नाहीत. अनेक गोष्टी घेतात, आणि दोन प्रशिक्षित परीक्षक एकमेकांचे गुण न पाहता त्या तपासतात. दोघांचे जुळले नाही, तर आकड्यास किंमत नाही. घरच्या माणसांवर हा प्रयोग करण्याचा मोह वाचकांनी आवरावा, हे बरे.

डॅन मॅकअ‍ॅडम्स हे तर आयुष्याची प्रकरणेच पाडावयास सांगतात: उत्कर्षाचा क्षण, पडता काळ, वळण. दुःखातून चांगले निघाले, की चांगल्याचा शेवट वाईटात झाला, हे ते पाहतात. यशाकडे वळणाऱ्या अशा गोष्टींचा अमेरिकन संस्कृतीशी संबंध त्यांनी स्वतःच दाखविला आहे.

येथे आमची एक शंका आहे. आपल्या घरांतील आजीस "तुमची हकीकत सांगा" म्हटले, तर ती सांगते, "आम्ही बदलीवर इकडे आलो, मग दिरांचे शिक्षण झाले, नणंदेचे लग्न झाले." या 'आम्ही'मुळे तिला स्वतःची ओळखच नाही, असे परीक्षकाने मानावे काय? आम्ही तरी तिला आधी विचारू, की त्या बदलीच्या गावी पहिल्या दिवशी चूल कोणी पेटविली.