पत्त्यांचा एक नवा खेळ व त्याचे प्राथमिक नियम

गेल्या पावसाळ्यांत मधल्या सुटीनंतरच्या तासाला आठवीच्या वर्गांत, शेवटच्या बांकावर, आम्हांला पत्त्यांचा एक जोड सांपडला. तो आम्ही जप्त केला. ज्या घरांत आमचें बालपण गेलें तेथें पत्ते आणि जुगार हे दोन शब्द एकाच अर्थाचे मानले जात, व ती समजूत आमच्या मनांतून अद्यापि पुरती गेलेली नाहीं. परंतु तास संपल्यावर जोड उघडून पाहतों तों त्यांत ना राजा, ना राणी, ना इस्पिक, ना बदाम. प्रत्येक पानावर एक रंगीत चित्र आणि चित्राखालीं इंग्रजींत दोनचार ओळींचा मजकूर. त्यांपैकीं एक मजकूर आम्ही दोनदां वाचला, आणि इंग्रजीचे शिक्षक असूनहि तो आम्हांला नीट उमगला नाहीं. तेव्हां ज्याचा जोड त्यालाच बोलावून आम्ही म्हटलें, "बैस, आणि हें काय आहे तें समजावून सांग."

पुढील तीन शनिवार शाळा सुटल्यावर तो विद्यार्थी गुरु झाला आणि आम्ही शिष्य झालों. त्या शिकवणींत आम्हांला जें कळलें तें येथें देत आहों. मुलांना त्यांतील बराच भाग ठाऊक असेल. पालकांना बहुधा नसेल.

या खेळाचें नांव 'मॅजिक : द गॅदरिंग'. रिचर्ड गारफील्ड या अमेरिकन गणितज्ञानें तो रचला व १९९३ सालीं 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' या कंपनीनें तो बाजारांत आणला. नेहमींच्या पत्त्यांत बावन पानें असतात आणि सर्व खेळाडू त्याच बावन पानांतून खेळतात. येथें तसें नाहीं. पहिल्याच संचांत सुमारें तीनशें निरनिराळीं पानें होतीं. आज त्यांची संख्या वीस हजारांच्या वर गेली आहे. त्यांतून आपल्या मनाजोगतीं पानें निवडून प्रत्येक खेळाडू स्वतःचा जोड घरूनच बांधून आणतो. जोडांत कमींत कमी ६० पानें पाहिजेत, व एकाच नांवाचीं चारांहून अधिक चालत नाहींत. अर्थात् निम्मा डाव टेबलाशीं बसण्यापूर्वींच खेळला गेलेला असतो.

चारांची मर्यादा ज्यांना नाहीं तीं मूळ भूमीचीं पानें. भूमि पांच प्रकारची : मैदान, बेट, दलदल, डोंगर आणि अरण्य, आणि त्यांचे रंग अनुक्रमें पांढरा, निळा, काळा, तांबडा व हिरवा. भूमीचें पान आडवें केलें कीं त्या रंगाची एक शक्ति मिळते. तिला खेळांत 'मॅना' म्हणतात. हा शब्द पॅसिफिक महासागरांतील बेटांच्या भाषांतून आलेला आहे. इतर प्रत्येक पानाची किंमत त्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यांत दिलेली असते आणि ती या शक्तींत चुकवावी लागते. भूमि फार थोडी घेतली तर हातांतील उत्तम पानें हातांतच राहतात. फार घेतली तर खर्च करावयास कांहीं उरत नाहीं. साठांत चोवीसच्या आसपास भूमि ठेवण्याचा प्रघात आहे. घरखर्च चालविणाऱ्यांना यांत नवें कांहीं वाटणार नाहीं.

आरंभीं दोघांचेहि २० जीवनगुण असतात. आपला जोड पिसून प्रतिपक्षापुढें काटण्यास ठेवावा आणि सात पानें हातांत घ्यावीं. पहिली पाळी ज्याची, त्यानें त्या पाळींत नवें पान उचलावयाचें नाहीं. आरंभ करण्यांत जो फायदा असतो त्याची ही भरपाई. एरवीं प्रत्येक पाळीच्या प्रारंभीं आपलीं आडवीं झालेलीं पानें उभीं करावीं, गड्डीवरून एक पान उचलावें, हातांतील एक भूमि मांडावी, आणि शक्ति असेल त्याप्रमाणें इतर पानें खेळावीं.

प्राण्यांच्या पानांवर उजव्या खालच्या कोपऱ्यांत दोन अंक असतात. पहिला मारण्याचा, दुसरा सोसण्याचा. हल्ला करणारा प्राणी आडवा होतो आणि आडवा झालेला प्राणी प्रतिपक्षाच्या पाळींत आपलें रक्षण करूं शकत नाहीं. म्हणजे सगळी फौज मोहिमेवर धाडली कीं किल्ला उघडा पडतो. हल्ला कोणीं करावा हें हल्ला करणारा ठरवितो, पण कोणीं कोणाला अडवावें हें ठरविण्याचा अधिकार अडविणाऱ्याचा. न अडविलेल्या प्राण्याचा पहिला अंक प्रतिपक्षाच्या जीवनगुणांतून वजा होतो. ज्या पाळींत प्राणी आला त्या पाळींत त्याला हल्ला करतां येत नाहीं. अडवितां मात्र येतें. प्राण्याची दुखापत पाळीच्या अखेरीस बरी होते, खेळाडूचे गेलेले गुण मात्र आपोआप भरून येत नाहींत. ज्याचे गुण शून्यावर आले, किंवा ज्याला गड्डी संपल्यामुळें पान उचलतां आलें नाहीं, तो हरला.

येथपर्यंत सर्व सोपें आहे. ज्या एका नियमासाठीं आम्हांला दुसरा सबंध शनिवार द्यावा लागला तो असा. पान टाकल्याबरोबर त्याचा परिणाम होत नाहीं. प्रथम प्रतिपक्षाला उत्तर देण्याची संधि द्यावी लागते. समजा, आमच्यापुढें 'ग्रिझली बेअर्स' नांवाचें अस्वल आहे व त्याचे अंक २ आणि २ आहेत. प्रतिपक्षानें त्यावर 'लाइटनिंग बोल्ट' ही वीज टाकली. ती तीन अंकांची दुखापत करते, तेव्हां अस्वल मेलें असें नवख्याला वाटतें. परंतु आमच्या हातांत 'जायंट ग्रोथ' हें हिरवें पान आहे. त्यानें प्राण्याचे दोन्ही अंक त्या पाळीपुरते तीनतीननें वाढतात. तें आम्ही उत्तरादाखल टाकलें. आतां दोन पानें एकावर एक पडलीं, आणि पंगतीनंतर घासून रचलेल्या ताटांच्या चळतींतून जसें शेवटीं ठेवलेलें ताट प्रथम उचललें जातें, तसें शेवटीं पडलेलें पान प्रथम फळतें. म्हणून अस्वल आधीं ५ आणि ५ होतें, मग वीज पडते, व तीन अंक सोसून अस्वल उभें राहतें.

तींच पानें उलट क्रमानें पडलीं तर? आम्ही वीज येईल या भीतीनें आधींच वाढ टाकली. प्रतिपक्षानें तिला उत्तर म्हणून वीज टाकली. वीज शेवटची, म्हणून ती आधीं फळली. अस्वल २ आणि २ असतांनाच मेलें, आणि वाढ ज्याच्यावर लागूं व्हावयाची तोच न उरल्यामुळें तीहि वायां गेली. पानें तींच, शक्ति तेवढीच. फरक कोण थांबला आणि कोण थांबला नाहीं एवढाच. हा दाखला आम्ही कल्पनेनें रचलेला नाहीं. आमचा गुरु हंसला नाहीं, एवढेंच म्हणाला, "सर, तुम्ही थांबायला हवं होतं." घाईनें वाचूं नये असें त्याच्या निबंधाच्या वहींत आम्ही वर्षभर लिहीत आलों होतों!

आणखी एक नियम भाषेच्या विद्यार्थ्यांनीं अवश्य पाहावा. नियमांचें पुस्तक व पानावरील मजकूर यांत विरोध आला तर पानाचें खरें मानावयाचें. एका पाळींत एकच भूमि मांडावी असें पुस्तक म्हणतें. 'एक्सप्लोअर' हें पान आणखी एक मांडण्याची मुभा देतें, आणि ती मिळते. परंतु एक पान 'करतां येईल' म्हणालें व दुसरें 'करतां येणार नाहीं' म्हणालें, तर नकार श्रेष्ठ. आलेल्या पाळींतच हल्ला करण्याची सवलत ज्या प्राण्याला आहे, त्यावर 'पॅसिफिझम' पडलें तर त्याची सवलत संपली. सहायक क्रियापदांवर इतकें बारीक लक्ष देणारा वर्ग आम्हांला व्याकरणाच्या तासाला कधीं लाभलेला नाहीं.

तिसऱ्या शनिवारीं त्या मुलाचे वडील जोड परत नेण्यासाठीं आले. त्यांनीं पहिलाच प्रश्न विचारला, "मास्तर, यांत पैसे लावतात का?" प्रश्न रास्त होता आणि त्याचें उत्तर आम्ही शोधून ठेवलें होतें. मूळ नियमांत एक पणाची तरतूद होती. डावाच्या आरंभीं प्रत्येकानें आपल्या जोडांतील एक पान बाजूला ठेवावयाचें आणि जिंकणाऱ्यानें दोन्हीं घ्यावयाचीं. तो जुगारच होता. ती चाल पुढें मागें पडली. १९९५ नंतर पणाचा उल्लेख असलेलें एकहि नवें पान निघालेलें नाहीं, व अधिकृत सामन्यांत तशीं जुनीं पानें वर्ज्य आहेत. तेव्हां डावांत जुगार नाहीं. पण दुकानांत आहे. नवीन पानें बंद पाकिटांत विकतात. आंत काय आहे तें फोडल्यावांचून कळत नाहीं, आणि दुर्मिळ पान हवें तें निघेपर्यंत मूल पाकिटामागून पाकीट मागत राहतें. त्याहून, हवें तें सुटें पान नांवानिशीं विकत घ्यावें, किंवा तयार जोड एकदांच घ्यावा. मुलांमुलांत अदलाबदल होते तीहि मोठ्यांच्या समक्ष व्हावी. चकचकीत पानाच्या मोहानें लहान मुलानें मौल्यवान पान देऊन टाकल्याचें आम्ही या वर्षीं दोनदां पाहिलें.

वडिलांनीं सर्व ऐकून घेतलें व मुलाला सांगितलें कीं जोड राहूं दे, पाकिटें बंद. मुलानें मान डोलावली. आम्ही जोड त्याच्या हातीं दिला, पण अर्धा राहिलेला डाव टेबलावर तसाच होता आणि पाळी आमची होती. वडील क्षणभर उभेच राहिले, मग खुर्ची ओढून म्हणाले, "हें अस्वल आडवें कां केलें आहे?" शिपाई खोली बंद करावयास आला तेव्हां ते आपल्या मुलाला आमच्या विरुद्ध सल्ला देत होते.