ध्यानाभ्यासाचा ओनामा

ध्यान हा शब्द कानी पडताच जटाधारी तपस्वी आणि निबिड अरण्य डोळ्यांसमोर उभे राहते, व हे आपले काम नव्हे असे म्हणून आपण मोकळे होतो. हा समज दूर व्हावा, एवढ्याचसाठी आम्ही हे चार शब्द लिहीत आहो.

पतंजलींनी योगाची आठ अंगे सांगितली आहेत. त्यांत धारणा हे सहावे, ध्यान हे सातवे व समाधी हे आठवे होय. चित्त एका ठिकाणी बांधणे ही धारणा. ते तेथेच अखंड वाहू लागले म्हणजे ध्यान. नवशिक्याने धारणेचाच अभ्यास करावा. ध्यान हे त्याचे फळ आहे, आणि फळ ओढून पिकत नाही.

याची उदाहरणे दूर शोधावयास नकोत. जिंतूरनजीक नेमगिरीच्या लेण्यांत तीर्थंकर नेमिनाथांची पद्मासनस्थ मूर्ती आहे. स्थिर बैठक कशी असावी, हे ती न बोलता शिकविते. परंतु असा निवांतपणा सर्वांच्या वाट्यास कोठून यावा? गोदातीरीचे गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमी. नामदेवांच्या घरी दळणकांडण करण्यात त्यांचे आयुष्य गेले. हात जात्याच्या खुंट्यावर आणि चित्त विठ्ठलापाशी, हीच त्यांची बैठक. प्रार्थनेच्या वेळी आपल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यावे, असे प्रभू येशूने सांगितले आहे. जनाबाईंनी ते दार मनातच लावून घेतले, असे आम्हांस वाटते.

आता कृती. सकाळी तोंड धुऊन सतरंजीवर मांडी घालून किंवा खुर्चीवर बसावे. पाठ सरळ असावी, अंग मात्र ताठरू नये. डोळे मिटून नाकपुड्यांशी येणाऱ्याजाणाऱ्या श्वासाकडे लक्ष द्यावे. श्वास लांबवू नये, कोंडू नये. येईल तसा येऊ द्यावा. इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रात १९७६ सालापासून विपश्यनेची शिबिरे भरतात. तेथील दहा दिवसांच्या शिबिरातही पहिला पाठ श्वासाचाच असतो. आरंभी पाच मिनिटे पुरेत. परंतु ती रोजची असावीत.

एका वर्गास आम्ही असे बसविले व मागाहून अनुभव विचारला. बहुतेकांनी 'मन लागले' असे सांगितले. एक मुलगा खाली मान घालून म्हणाला, "सर, मला जमले नाही. माझे मन वीस वेळा शेताकडे गेले." आम्ही म्हटले, "वीस वेळा गेले, म्हणजे वीस वेळा तू ते परत आणलेस. आज खरा अभ्यास तुझाच झाला." मन भटकणे हा दोष नव्हे; ते भटकले हे ध्यानी येऊन, त्याच्यावर न रागावता त्यास माघारी आणणे, हाच सारा अभ्यास होय.

पुढे त्या मुलाने हळूच सांगितले की, अतिवृष्टीने त्यांचे सोयाबीन शेतातच कुजले होते, व घरी त्याविषयी कोणी बोलत नसे. त्या दिवशी आम्ही त्याच्याशी श्वासाविषयी अधिक काही बोललो नाही, शेताविषयी बोललो. ध्यानाने दुःख नाहीसे होत नाही. पुष्कळदा गलबल्यात दडलेले दुःख त्या शांततेत वर येते. म्हणोन, मुलांनो, डोळे मिटताच जीव घाबरा होऊ लागला तर खुशाल डोळे उघडावे, आणि मनातील गोष्ट वडील माणसांस सांगावी.

पालकांस आमची एवढीच विनंती. मुलांस धाक घालून बसवू नये, व परीक्षेतील गुणांशी या अभ्यासाचा हिशेब जुळवू नये. शक्य असेल तर ती पाच मिनिटे आपणही त्यांच्याजवळ बसावे; आणि डोळे उघडल्यावर ते काही सांगू लागले, तर हातचे काम बाजूस ठेवून ऐकावे. श्वासाकडे दिलेले लक्ष ही तर केवळ सुरुवात होय. तेच लक्ष शेजारी बसलेल्या माणसाकडे देता आले, म्हणजे हा ओनामा नीट गिरविला असे आम्ही समजू.