घरचा माणूस

मंडळी, माझ्या लहानपणी आमच्या गावात एक गडी होता. त्याचे मन बिघडले होते. तो आपल्याशीच बोले, रात्री-अपरात्री हिंडे. आम्ही पोरे त्याच्या मागे लागायचो, खडे मारायचो. एक खडा माझाही होता. पुढे मी मास्तर झालो, हेडमास्तर झालो. पण तो खडा विसरलो नाही. म्हणून आज तुम्हांला एका गावाची हकिकत सांगतो.

युरोपात बेल्जियम नावाचा लहानसा देश आहे. तिथे गेल नावाचे गाव आहे. या गावाने शेकडो वर्षे मनाच्या रोग्यांना आपल्या घरात ठेवून घेतले.

हे सुरू कसे झाले? गेलमध्ये संत डिंफना हिचे चर्च आहे. चर्च म्हणजे ख्रिस्ती लोकांचे प्रार्थनामंदिर. डिंफना ही आयर्लंडची राजकन्या. तिच्या बापाला वेड लागले आणि त्याने तिला गेलमध्ये गाठून ठार मारले, अशी दंतकथा आहे. पुढे लोक तिला मनाच्या रोग्यांची कैवारी मानू लागले. चौदाव्या शतकात तिच्या नावाचे मोठे चर्च बांधायला घेतले. आपल्याकडे लोक नवस फेडायला जातात ना, तसे दूरदूरचे लोक आपले रोगी घेऊन तिथे येऊ लागले. चर्चला लागून त्यांना राहायला जागा होती. तिथे नऊ दिवस प्रार्थना चाले. जागा भरली की रोगी गावकऱ्यांच्या घरी उतरत. कुणी परत जाई, कुणी तिथेच राही. राहणारा घरच्यांबरोबर जेवे आणि जमेल ते काम करी.

सगळेच गोड होते असे समजू नका. रोगी ठेवणाऱ्या घराला पैसे मिळत. जुन्या काळी काहींच्या पायांत बेड्याही असत. मग १८५० साली सरकारने कायदा करून कारभार हाती घेतला. डॉक्टरांची देखरेख आली. १८६२ साली दवाखाना उघडला. नवा रोगी आधी दवाखान्यात राही. डॉक्टर त्याला तपासत, मग त्याला साजेसे घर बघत. आजार वाढला तर पुन्हा दवाखाना, उतार पडला की पुन्हा घर.

१९३८ च्या सुमारास अशा घरांतून ३,७०० वर रोगी राहत होते! गावकरी त्यांना वेडे म्हणत नसत. 'आमच्याकडे राहणारा, जेवणारा' असाच त्यांचा शब्द होता. लहान मुले त्यांच्या संगतीत वाढत, म्हणून त्यांना भीती वाटत नसे.

पुढे शेती कमी झाली. बायका नोकरीला जाऊ लागल्या. नवी औषधे निघाली. त्यामुळे असे रोगी आता फारच थोडे राहिले. पण ही रीत मोडलेली नाही. २०२३ साली युनेस्को या जागतिक संस्थेने तिची वाखाणणी करून नोंद घेतली.

यातून आपण काय घ्यायचे? मनाचा रोग म्हणजे भूतबाधा नव्हे, मागल्या जन्मीचे पापही नव्हे. तो आजार आहे. त्याला औषध लागते आणि माणसेही लागतात. दवाखाना आणि घर ही बैलजोडी आहे. एका बैलाने गाडी ओढत नाही.

आपल्या महाराष्ट्रात ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी मनोरुग्णालये आहेत. २०१७ च्या कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधायला बंदी आहे. सरकारने २०२२ साली 'टेलिमानस' सेवा सुरू केली. १४४१६ या नंबरावर फोन केला की फुकट सल्ला मिळतो. घरात, शेजारी कुणाला असा त्रास असेल तर लाजू नका, लपवू नका. आधी डॉक्टरला दाखवा. मग तो घरी आला की त्याला पंगतीत बसवा, झेपेल ते काम द्या. आणि पोरांनी खडा उचलला तर त्यांचा हात धरा. माझा हात त्या दिवशी कुणी धरला नाही.

सांगा पाहू :
१. गेलमध्ये रोगी गावकऱ्यांच्या घरी का राहू लागले?
२. १८५० नंतर काय बदलले?
३. दवाखाना आणि घर यांना बैलजोडी का म्हटले आहे?
४. तुमच्या गावात असा कुणी आहे का? त्याच्याशी शेवटचे कधी बोललात?