झाड पाडण्याआधी पळायची वाट साफ करा

भाताची मळणी उरकली, नाताळ झाला, की खानापूर, हल्याळ, जोयडा या बाजूला बांधावरची व माळावरची झाडे तोडण्याचे दिवस येतात. दांडेलीला १९५० च्या दशकात कागदाचा कारखाना उभा राहिला, आणि निलगिरीला जवळच गिऱ्हाईक मिळाले. पुढे तिच्या जोडीला ऑस्ट्रेलियन बाभूळ आली. जंगलखात्याच्या कूपमध्ये मुरलेली माणसे तोडणी करीत. आज पुष्कळ ठिकाणी शेतकरी स्वतः, नाहीतर व्यापाऱ्याने गोळा केलेली चार पोरे, भाड्याची मशीन करवत घेऊन हे काम करतात. करवत वेगवान झाली, झाडाचे वजन मात्र होते तेवढेच आहे.

ते किती असते याचा हिशेब करून पाहू. दहा फूट लांब व दीड फूट व्यासाचा निलगिरीचा ओला ओंडका सुमारे पाच क्विंटल भरतो. म्हणजे पन्नास किलोची दहा पोती एकदम अंगावर येण्यासारखे झाले. हा तर झाडाचा एक तुकडा. म्हणून कुऱ्हाड लावण्यापूर्वी दोन गोष्टी ठरल्याच पाहिजेत: झाड कुठे पडणार, आणि आपण कुठे पळणार.

पहिल्या गोष्टीसाठी झाडाभोवती एक फेरी मारावी. खोड कुणीकडे कलले आहे, फांद्यांचा भार कोणत्या बाजूला आहे, वारा कसा आहे, वर वाळलेली फांदी अडकली आहे काय, हे मान वर करून पाहावे. आपल्याकडच्या रानात वेली एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेल्या असतात. एक झाड पाडताना वेल शेजारच्या झाडाची फांदी ओढून आणते, आणि तोडणाऱ्याचे लक्ष भलतीकडेच असते.

दुसरी गोष्ट म्हणजे पळायची वाट. झाड ज्या दिशेला पडणार, तिच्या सरळ मागे पळू नये. पडताना बुंधा कधी कधी उसळून मागे येतो. मागे पण तिरके, डाव्या व उजव्या हाताला, अशा दोन वाटा झुडपे छाटून व दगड काढून मोकळ्या कराव्यात. या कामाला फार तर दहा मिनिटे लागतात, आणि नेमकी हीच दहा मिनिटे वाचवली जातात. बाकीच्या माणसांनी झाडाच्या उंचीच्या निदान दुप्पट लांब राहावे. साठ फुटांचे झाड असेल तर एकशेवीस फूट. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९८ साली जंगलकामासाठी जे सुरक्षिततेचे नियम छापले, त्यांतही दुप्पट उंचीचेच अंतर सांगितले आहे. हा नियम सरपणासाठी फांद्या गोळा करायला आलेल्या बायकांना व पोरांनाही लागू आहे. त्यांना आधी लांब बसवावे, मगच काम सुरू करावे.

आता कापण्याची रीत. ज्या बाजूला पाडायचे त्या बाजूला बुंध्याच्या जाडीच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शाएवढी खाच घ्यावी. मग मागच्या बाजूने, खाचेच्या तळापेक्षा दोन बोटे वर, कापत यावे. परंतु आरपार कापू नये. मध्ये जाडीच्या दहाव्या हिश्शाएवढी पट्टी शिल्लक ठेवावी. दीड फुटी बुंध्याला ती पावणेदोन इंच होते. दाराला बिजागरी तशी झाडाला ही पट्टी. झाड तिच्यावर वळून ठरल्या जागी पडते. ती कापली गेली तर झाड कुठे जाईल याचा नेम राहत नाही. करवत चिमटू लागली तर लाकडाची पाचर मारावी. लोखंडी पाचर साखळीला लागली तर घात होतो. फार कललेले झाड नवख्याने हातात घेऊच नये. त्याचा बुंधा अर्धा कापताच उभा चिरतो आणि मागच्या माणसावर उसळतो.

सर्वांत घातकी झाड म्हणजे दुसऱ्यावर अडकून राहिलेले. ते पडल्यातच जमा आहे असे वाटते, म्हणून माणसे त्याच्याखाली बसून विडीसुद्धा ओढतात. वर चढून फांदी तोडणे, ज्या झाडावर ते टेकले आहे तेच कापणे, किंवा त्याच्यावर आणखी एक झाड पाडून बघणे, हे तिन्ही उपाय जीवघेणे आहेत. बुंध्याला लांब दोरखंड किंवा तारेचा दोर बांधून दुरून ओढावे. ते जमेपर्यंत खाली कोणी जाऊ नये, आणि संध्याकाळ झाली तर तेथे माणसे व गुरे फिरकणार नाहीत अशी व्यवस्था करूनच घरी जावे.

मशीन करवतीची साखळी सेकंदाला सुमारे वीस मीटर धावते. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला, तर सबंध करवत झटक्याने तोंडाकडे येते. म्हणून टोकाने कापू नये, खांद्याच्या वर करवत नेऊ नये, आणि साखळीचा ब्रेक चालतो की नाही हे रोज सकाळी पाहावे. भाड्याच्या करवतीचा हा ब्रेक पुष्कळदा मोडलेला असतो. तशी करवत परत करावी. लुंगी, पंचा, गळ्यातला रुमाल या कामाला चालत नाही. डोक्याला हेल्मेट, पायांत जाड बूट हवेत. आवाजासाठी कानात कापूस घालून भागत नाही, कानावरच्या टोप्या मिळतात त्या घ्याव्यात. दुपारी घोटभर घेतलेल्याला उरलेल्या दिवसात करवत किंवा गाडी देऊ नये, मग तो कितीही जुना कसबी असो. येथे भीड धरणे आम्हाला मान्य नाही.

ट्रक भरताना गाडी सपाट जागी लावून चाकांना दगड द्यावेत. प्रत्येक ओंडका बाजूच्या निदान दोन खुंटांवर टेकलेला असावा आणि थर खुंटांच्या वर जाऊ नये. बांधलेला माल दोनचार मैलांत बसतो, साल निघते, दोर सैल पडतात. म्हणून थोडे अंतर जाताच गाडी थांबवून पुन्हा ताणावेत. उतरवताना तर अधिक जपावे, कारण वाटेत सरकलेला ओंडका फक्त दोराने धरलेला असतो. दोर सोडण्यापूर्वी दोन्ही बाजूंनी फिरून बघावे, आणि सोडणाऱ्याने ओंडके गडगडतील त्या बाजूला कधीही उभे राहू नये. लाकडांवर माणसे बसवून नेण्यास कायद्याची परवानगी नाही, आणि अचानक ब्रेक लागला तर ओंडक्यांबरोबर माणसेही जातात. अनमोड किंवा चोर्ला घाट उतरताना चढाला जो गिअर लागतो त्याच गिअरमध्ये उतरावे. सारखा ब्रेक दाबून तो तापतो व धरेनासा होतो. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे ड्रायव्हर आहेत. त्यांच्या गाडीत आपले लाकूड देऊ नये.

इजा झालीच तर रक्त वाहते तेथे स्वच्छ कापडाची घडी ठेवून दोन्ही हातांनी जोराने दाबून धरावे, मध्ये मध्ये उघडून बघू नये. हळद, चहापूड, माती काही लावू नये. हातापायाचे रक्त दाबूनही थांबत नसेल, तर जखमेच्या वर रुंद पट्टी करकचून आवळावी व वेळ लिहून ठेवावी. बारीक सुतळी वापरू नये. पाठीवर किंवा मानेवर मार असेल तर धोक्याच्या जागेतून काढण्यापुरतेच हलवावे. १०८ ची गाडी कर्नाटक, गोवा व महाराष्ट्रात फुकट येते. परंतु रानात फोन लागतोच असे नाही. म्हणून कोणत्या टेकाडावर फोन लागतो, गाडी कुठपर्यंत येऊ शकते, आणि तेथून वाट दाखवायला कोण उभा राहणार, हे सकाळी पहिल्या झाडाला हात लावण्यापूर्वीच मुकादमाने सर्वांना सांगावे.