तिघऱ्याच्या नावेत मासा जिवंत ठेवायचा तर

गळाला लागलेला रोहू वजन करून, फोटो काढून परत पाण्यात सोडायचा असेल, तर तोवर त्याला नावेत नीट ठेवणं ही आपली जबाबदारी. ग्वाल्हेरजवळच्या तिघरा तलावावर उन्हाळ्यात ती सोपी नाही. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना साडेसातच; आणि पाणी तापलं की माशाला तो लागतो उलट जास्त. म्हणून पैसे आधी हवेवर खर्च करा, टाकीवर नंतर.

सेलवर चालणारा एअर पंप साधारण तीनशे ते पाचशे रुपयांना मिळतो. सेलचा जास्तीचा जोड सोबत हवाच. टाकी म्हणून तीन-चार हजारांची बर्फाची पेटी उत्तम, पण माझं काम साठ लिटरच्या झाकणाच्या गोल टबात भागतं. तो पाच-सातशेला येतो, बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळलं की तापत नाही आणि कोपरे नसल्यामुळे माशाचं तोंड सोलवटत नाही. झाकण लावलेलं असू द्या. अंधारात मासा शांत राहतो. शंभरेक रुपयांचा थर्मामीटरही घ्या.

साठ लिटरांत तीन किलोंपेक्षा जास्त मासे नकोत. मे महिन्यात मी एकच ठेवतो. एकदा दुपारी दोन ठेवले आणि पंप बंद पडलेला कळलाच नाही. झाकण उघडलं तेव्हा दोघं पृष्ठभागाशी तोंड उघडून हवा घोटत होते, एक कुशीवर कलला होता. तो वाचला नाही. तेव्हापासून दर दहा मिनिटांनी बुडबुडे बघतो.

पाणी तलावाचंच भरा, नळाचं नको. क्लोरीन कल्ल्यांना जाळतं. माशाने सोडलेला अमोनिया साचू नये म्हणून अर्ध्या तासाने निम्मं पाणी बदला. साठ लिटरांना 180 ग्रॅम खडे मीठ घातलं की माशावरचा ताण कमी होतो. पाणी बदलाल तेव्हा निम्मं मीठ पुन्हा घाला. खर्च पाच-सात रुपये. टबातलं पाणी शेवटी तलावातच जातं आणि शहर तलावाचंच पाणी पितं, तेव्हा दुकानातली औषधी रसायनं टबात नकोत. गारव्यासाठी सुटा बर्फ न टाकता लिटरभर पाण्याची गोठवलेली बाटली सोडा. साठ लिटर पाणी त्याने जेमतेम दीड-दोन अंशांनी उतरतं, आणि तेवढंच पुरे.

परवानगीचं आधी विचारून घ्या. 16 जून ते 15 ऑगस्ट मध्य प्रदेशात मासेमारी बंद असते, त्या काळात जाऊच नका.

सोडताना हात ओले करा, नाहीतर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. शेपटीपाशी आणि पोटाखाली धरून पाण्यात सरळ ठेवा, फेकू नका. कल्ले एका लयीत हलू लागले आणि शेपटीचा झटका हाताला बसला, की हात काढून घ्या.