हातगाडीचे गणित

वरळी नाक्यावर कधी हातगाडी पाहिली आहे? रिकामी गाडी ढकलली की चटकन वेग घेते. तीच गोण्यांनी भरली, की जागची हलायला कुरकुरते. गाडीवाला तोच, जोरही तोच. मग फरक कशाचा? वस्तुमानाचा.

याचा नियम न्यूटनने १६८७ साली ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथात मांडला. आज तो आपण असा लिहितो :

त्वरण = निव्वळ बल ÷ वस्तुमान

१ किलोग्रॅम वस्तुमानाचा वेग दर सेकंदाला १ मीटर प्रति सेकंदाने वाढवणारे बल म्हणजे १ न्यूटन.

आता उदाहरण घेऊ. समजा, रिकामी गाडी १०० किलोग्रॅमची आहे आणि गाडीवाला १८० न्यूटन बल लावतो. घर्षणाचे विरोधी बल २० न्यूटन. निव्वळ बल १६० न्यूटन; म्हणून त्वरण १६० ÷ १०० = १.६ मी./से.².

गाडीवर ५० किलोग्रॅमच्या ६ गोण्या चढवल्या. एकूण वस्तुमान ४०० किलोग्रॅम झाले. भार चौपट, म्हणून घर्षणही चौपट, म्हणजे ८० न्यूटन धरू. येथे पुष्कळ विद्यार्थी १८० ला ४०० ने भागून ०.४५ उत्तर लिहितात. ते चूक! आधी घर्षण वजा करा : १८० − ८० = १०० न्यूटन. त्वरण फक्त ०.२५ मी./से.².

आता गाडी थांबवायची आहे. वेग २ मीटर प्रति सेकंद आहे आणि गाडीवाला १२० न्यूटन बलाने मागे ओढतो. या वेळी घर्षण त्याला मदत करते, म्हणून ते मिळवायचे. भरलेल्या गाडीचा वेग दर सेकंदाला २०० ÷ ४०० = ०.५ ने घटेल. ती थांबायला ४ सेकंद लागतील. सरासरी वेग १ मीटर प्रति सेकंद, म्हणजे तेवढ्यात ती ४ मीटर पुढे येईल. रिकामी गाडी मात्र सुमारे दीड मीटरमध्येच थांबेल.

म्हणून भरल्या गाडीसमोरून धावत रस्ता ओलांडू नका. गाडीवाल्याने कितीही ओढले, तरी वस्तुमान तुमची ओळख ठेवणार नाही!

जाता जाता एक प्रश्न. भरलेली गाडी दोघांनी मिळून ३६० न्यूटन बलाने ढकलली, तर त्वरण किती? बल दुप्पट झाले, पण त्वरण दुपटीहून जास्त येते. का बरे? उत्तर ताडून पाहा : ०.७ मी./से.². कारण वहीत लिहा.