रेल्वेचा पास की सुटी तिकिटे? : एका दैनंदिन निर्णयाचे अर्थशास्त्र

भारतातील पहिली प्रवासी रेल्वेगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे या ३४ किलोमीटर मार्गावर धावली. आज याच मार्गावर दररोज लक्षावधी नोकरदार, विद्यार्थी, फेरीवाले आणि घरकामगार ये-जा करतात. त्यांपैकी प्रत्येकापुढे महिन्याच्या आरंभी एक साधा प्रश्न उभा राहतो. एकरकमी पैसे भरून पास काढावा, की प्रत्येक फेरीला सुटे तिकीट घ्यावे? वरकरणी हा घरगुती हिशेबाचा प्रश्न वाटतो. प्रत्यक्षात मात्र त्यात किंमत-निर्धारण, अनुदान, अनिश्चितता आणि सामाजिक न्याय असे अर्थशास्त्रातील अनेक विषय गुंफलेले आहेत. स्पर्धा परीक्षांच्या दृष्टीने या विषयाचा क्रमवार अभ्यास उपयुक्त ठरतो.

पासची व्यवस्था

भारतीय रेल्वेवर ठरावीक दोन स्थानकांदरम्यान नियमित प्रवास करणाऱ्यांसाठी मासिक आणि त्रैमासिक पास दिले जातात. अशा पासची अंतरमर्यादा १५० किलोमीटर आहे. त्रैमासिक पासची किंमत मासिक पासच्या सुमारे २.७ पट असते. सहामाही पास ५.४ पट आणि वार्षिक पास १०.८ पट किमतीत मिळतो. म्हणजेच दीर्घ मुदतीचा पास घेणाऱ्यास मासिक पासच्या तुलनेत सुमारे १० टक्के अधिक सवलत मिळते.

मासिक पासचा दर सर्वसाधारणपणे १५ एकेरी प्रवासांच्या भाड्यावर आधारलेला असतो. जून २०१४ मध्ये प्रवासी भाड्यात १४.२ टक्के वाढ जाहीर झाली, तेव्हा पासची आकारणी सुमारे ३० एकेरी प्रवासांच्या आधारे करण्याचाही प्रस्ताव होता. मात्र मुंबईसह उपनगरी प्रवाशांवर पडणारा बोजा लक्षात घेऊन काही दिवसांतच हा भाग मागे घेण्यात आला आणि १५ प्रवासांचे सूत्र कायम राहिले. पासच्या दरातील बदल हा लोकजीवनाशी किती निकटचा विषय आहे, हे या घटनेवरून स्पष्ट होते.

समतोल बिंदू कसा काढावा?

पासची किंमत भागिले एका फेरीचे भाडे, असे केल्यास जी संख्या मिळते ती समतोल बिंदू होय. प्रवाशाच्या फेऱ्या या संख्येहून अधिक असतील तर पास किफायतशीर ठरतो, कमी असतील तर सुटी तिकिटे स्वस्त पडतात.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते ठाणे या प्रवासाचे उदाहरण घेता येईल. दुसऱ्या वर्गाचे एकेरी भाडे १० रुपये आणि मासिक पास २१५ रुपये आहे. २१५ ला १० ने भागल्यास २१.५ हे उत्तर येते. अर्थात २२ एकेरी फेऱ्या, म्हणजे ११ दिवसांची ये-जा झाली की पासचे पैसे वसूल होतात. मूळ सूत्र १५ प्रवासांचे असूनही येथे २१.५ ही संख्या येते, कारण पासच्या अंतिम किमतीत अधिभारांचा समावेश असतो. सूत्र आणि प्रत्यक्ष दर यांत असा फरक पडू शकत असल्याने हिशेब नेहमी प्रत्यक्ष दरावरूनच करावा.

महिन्यात २५ दिवस कामावर जाणाऱ्या व्यक्तीच्या ५० फेऱ्या होतात. सुट्या तिकिटांचा खर्च ५०० रुपये, पासचा २१५ रुपये. बचत २८५ रुपयांची, म्हणजे ५७ टक्के. याउलट आठवड्यातून दोनच दिवस कार्यालयात जाणाऱ्या आणि उर्वरित दिवस घरून काम करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या महिन्यात साधारण १८ फेऱ्या होतात. त्याचा तिकिटांचा खर्च १८० रुपये इतकाच येतो, म्हणून त्याच्यासाठी पास ३५ रुपयांनी महाग पडतो. २०२० नंतर कामाच्या पद्धतीत झालेल्या बदलांमुळे पूर्वी निर्विवाद वाटणारा पासचा पर्याय काहींच्या बाबतीत तपासून पाहावा लागतो, तो याच कारणाने.

तुलनात्मक किंमत बदलली की निर्णय बदलतो

पासची किंमत तीच राहिली तरी तिकिटाचे भाडे बदलल्यास समतोल बिंदू सरकतो. मे २०२२ मध्ये मुंबई उपनगरी रेल्वेच्या पहिल्या वर्गाच्या एकेरी भाड्यात मोठी कपात झाली. ठाणे ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे भाडे १४५ रुपयांवरून ८५ रुपयांवर आले, पासचे दर मात्र बदलले नाहीत. त्यामुळे पास वसूल होण्यासाठी लागणाऱ्या फेऱ्यांची संख्या सुमारे १.७ पट झाली, कारण १४५ भागिले ८५ बरोबर सुमारे १.७. अधूनमधून पहिल्या वर्गाने जाणाऱ्या प्रवाशाला पूर्वी पास परवडत असेल, तर आता त्याने नव्याने आकडेमोड करणे आवश्यक ठरते. ग्राहकाचा निर्णय निरपेक्ष किमतीवर नव्हे, तर तुलनात्मक किमतीवर अवलंबून असतो, हे तत्त्व येथे दिसून येते.

रुपयांत न दिसणारे घटक

केवळ आकडेमोड पुरेशी नसते. पुढील घटकही विचारात घ्यावे लागतात.

पहिला घटक वेळेचा. तिकिटासाठी रांगेत जाणारी दहा मिनिटे हा वैकल्पिक खर्च आहे, कारण तोच वेळ अन्य कामासाठी वापरता आला असता. मोबाइल ॲपवरून तिकीट काढण्याची सोय झाल्यापासून हा खर्च घटला आहे आणि त्या प्रमाणात पासचे हे जुने आकर्षणही कमी झाले आहे.

दुसरा घटक वाढीव फेऱ्यांचा. पास काढल्यानंतर त्या मार्गावरील प्रत्येक पुढील फेरीची किंमत प्रवाशाच्या दृष्टीने शून्य असते. अर्थशास्त्राच्या भाषेत सीमांत किंमत शून्य होते. एकदा भरलेली रक्कम हा बुडीत खर्च असतो. त्यामुळे पासधारकाने केवळ पास वसूल करण्यासाठी अनावश्यक प्रवास करणे तर्कसंगत नाही, तसेच महिन्याच्या मध्यास पास काढल्याचा पश्चात्ताप करण्यातही अर्थ नाही.

तिसरा घटक अनिश्चिततेचा. आजारपण, सुट्या, बदली किंवा नोकरी जाणे यांमुळे अपेक्षित फेऱ्या होत नाहीत. वार्षिक पासवरील १० टक्के सवलत ही अशा जोखमीचा मोबदला असते. नोकरी स्थिर असणाऱ्यास ती जोखीम पेलते, हंगामी कामगारास पेलत नाही.

चौथा घटक नियमांचा. पास हस्तांतरणीय नसतो. दुसऱ्याच्या पासवर प्रवास करणे हा रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४२ खाली गुन्हा आहे. आरक्षित डब्यांत सर्वसाधारणपणे पासधारकास प्रवेश नसतो. प्रवासात पास आणि ओळखपत्र जवळ नसल्यास त्याची गणना विनातिकीट प्रवाशांत होऊ शकते.

लांबच्या प्रवासासाठी कोणता पर्याय?

परदेशी पर्यटक आणि अनिवासी भारतीय यांच्यासाठी संपूर्ण देशभर चालणारा ‘इंडरेल पास’ पूर्वी उपलब्ध होता. तो २०१७ मध्ये बंद करण्यात आला. देशांतर्गत लांबच्या प्रवासासाठी सर्वत्र चालणारा पास नसला तरी चक्री प्रवास तिकीट हा पर्याय आहे. जेथून प्रवास सुरू होतो तेथेच तो संपत असेल, तर अनेक स्थळांना भेट देणारे एकच तिकीट काढता येते. त्यात प्रवास खंडित करण्याची अधिकाधिक आठ वेळा मुभा असते. एकूण अंतराचे दोन समान भाग करून त्या दोन एकेरी प्रवासांचे भाडे आकारले जाते.

हे स्वस्त का पडते? रेल्वेचे भाडे घटत्या दराचे असते, म्हणजे अंतर वाढत जाते तसा प्रतिकिलोमीटर दर कमी होत जातो. मुंबई–वाराणसी–हरिद्वार–दिल्ली–मुंबई अशा यात्रेची चार सुटी तिकिटे घेतली, तर प्रत्येक टप्प्यावर आरंभीचा चढा दर पुन्हा लागू होतो. चक्री तिकिटात हे टळते. मात्र आरक्षण शुल्क आणि अतिजलद गाडीचा अधिभार स्वतंत्रपणे द्यावा लागतो. शिवाय मार्ग आधीच निश्चित करावा लागतो. ज्याचा बेत वाटेत बदलण्याचा संभव आहे, त्याच्यासाठी सुटी तिकिटेच सोयीची.

जगातील अनुभव

जपानमध्ये परदेशी पर्यटकांसाठी असलेल्या सात दिवसांच्या रेल्वे पासची किंमत ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून ५०,००० येनवर गेली. टोकियो–क्योतो या जलदगती गाडीच्या परतीच्या प्रवासास सुमारे २८,००० येन लागतात. दरवाढीपूर्वी या एकाच प्रवासाने पास जवळजवळ वसूल होत असे. दरवाढीनंतर तेवढाच प्रवास करणाऱ्यास सुटी तिकिटे निश्चितपणे स्वस्त झाली.

जर्मनीने वेगळी वाट निवडली. ऊर्जा दरवाढीच्या पार्श्वभूमीवर जून ते ऑगस्ट २०२२ या तीन महिन्यांत तेथे दरमहा केवळ ९ युरोत स्थानिक आणि प्रादेशिक वाहतुकीचा पास देण्यात आला. त्यानंतर मे २०२३ पासून ४९ युरोचे ‘डॉइचलांड तिकीट’ सुरू झाले. त्याची किंमत जानेवारी २०२५ मध्ये ५८ युरो आणि जानेवारी २०२६ मध्ये ६३ युरो झाली. स्वस्त पास लोकप्रिय असतो, परंतु त्यातील तूट कोणी सोसायची हा प्रश्न सरकारांना टाळता येत नाही, हाच या वाढत्या दरांचा अर्थ आहे.

धोरणात्मक बाजू

भारतातही हा प्रश्न गंभीर आहे. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२२-२३ मध्ये रेल्वेने प्रवासी तिकिटांवर ५६,९९३ कोटी रुपयांचे अनुदान दिले. प्रत्येक प्रवाशास सरासरी ४६ टक्के सवलत मिळाली, असा याचा अर्थ. ही तूट मुख्यतः मालवाहतुकीच्या उत्पन्नातून भरून काढली जाते. यालाच आडवे अनुदान म्हणतात. मालभाडे चढे राहिल्यास कोळसा, सिमेंट, धान्य यांची वाहतूक महागते आणि माल रस्त्याकडे वळतो, ही त्याची दुसरी बाजू आहे.

असे असले तरी स्वस्त पासचे समर्थन केवळ दयेच्या भावनेतून होत नाही. उपनगरी पासमुळे कामगार दूरच्या, तुलनेने स्वस्त वस्तीत राहून शहरात काम करू शकतो. रस्त्यांवरील गर्दी आणि प्रदूषण घटते. हा लाभ प्रवास न करणाऱ्यांनाही मिळतो. अर्थशास्त्रात यास धन बाह्यता असे म्हणतात.

खरी उणीव अन्यत्र आहे. पासची सवलत मिळण्यासाठी आरंभी एकरकमी पैसे लागतात आणि महिनाभर काम मिळण्याची खात्री असावी लागते. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या रोजंदारी मजुराजवळ या दोन्ही गोष्टी नसतात. तो रोज सुटे तिकीट काढतो. एखाद्या महिन्यात त्याला २० दिवस काम मिळाले, तर ठाण्याच्या उदाहरणानुसार तो ४०० रुपये खर्च करतो, तर नियमित पगारदार त्याहून अधिक प्रवास २१५ रुपयांत करतो. सवलतीची सर्वाधिक गरज असणाराच अशा रीतीने सवलतीबाहेर राहतो.

या दिशेने काही उपाय झाले आहेत. २००९ च्या रेल्वे अर्थसंकल्पात असंघटित क्षेत्रातील, मासिक उत्पन्न १,५०० रुपयांपर्यंत असणाऱ्यांसाठी १०० किलोमीटरपर्यंत केवळ २५ रुपयांचा ‘इज्जत’ मासिक पास जाहीर झाला. बारावीपर्यंतचे विद्यार्थी आणि पदवीपर्यंतच्या विद्यार्थिनी यांना घर ते शिक्षणसंस्था या प्रवासासाठी दुसऱ्या वर्गाचा मासिक पास विनामूल्य देण्याची तरतूद आहे. परंतु उत्पन्नाचा दाखला मिळवणे हेच अनेकांसाठी कठीण असते.

लंडनमध्ये २००५ पासून ‘ऑयस्टर’ कार्डावर दैनिक भाडेमर्यादा लागू झाली. प्रवासी प्रत्येक फेरीचे पैसे देत जातो, पण एकूण रक्कम ठरावीक मर्यादेस पोहोचली की त्या दिवसाच्या पुढील फेऱ्यांचे पैसे आकारले जात नाहीत. हीच पद्धत महिन्याला लागू केल्यास पास की तिकीट हा पूर्वअंदाज प्रवाशाला करावाच लागणार नाही. आगाऊ रक्कम नसलेल्या मजुरासही पासचा लाभ आपोआप मिळेल. भारतात मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय सामाईक गतिशीलता कार्डाचा आरंभ झाला असून अशा व्यवस्थेसाठी ते एक साधन ठरू शकते.

समारोप

फेऱ्या निश्चित आणि भरपूर असतील तर पास, त्या मोजक्या किंवा अनिश्चित असतील तर सुटी तिकिटे, आणि ठरलेल्या लांबच्या यात्रेसाठी चक्री तिकीट, असा व्यावहारिक निष्कर्ष काढता येतो. धोरणकर्त्यांसाठी मात्र प्रश्न केवळ पास किती स्वस्त असावा एवढाच नाही. तो कोणाच्या हाती पोहोचतो, हेही तितकेच महत्त्वाचे आहे.

सरावासाठी प्रश्न

१. एका मार्गाचे एकेरी भाडे १५ रुपये आणि मासिक पास ३१५ रुपये आहे. किमान किती दिवस ये-जा केल्यास पास सुट्या तिकिटांहून स्वस्त पडेल?

२. बुडीत खर्च आणि वैकल्पिक खर्च यांतील फरक रेल्वे पासच्या उदाहरणाने स्पष्ट करा.

३. रेल्वेतील आडव्या अनुदानाचे गुणदोष सांगून उपनगरी पासच्या सवलतीचे मूल्यमापन करा.

४. “सार्वजनिक वाहतुकीतील सवलत नियमित उत्पन्न असणाऱ्यास अधिक अनुकूल असते.” या विधानाची चर्चा करा आणि उपाय सुचवा.